+१.३ म्हणजे नेमकं काय? बुद्धिबळाच्या पडद्यावरचा आकडा आला कुठून

जुलै २०२५ मध्ये बाटुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी समोरासमोर आल्या. एरवी बुद्धिबळाकडे न फिरकणाऱ्या अनेकांनी त्या निमित्ताने पहिल्यांदा थेट प्रक्षेपण पाहिलं. अशा प्रक्षेपणात पटाच्या कडेला एक उभी पट्टी असते, थोडी पांढरी, थोडी काळी, आणि तिच्यावर एक आकडा असतो. +०.४ असतो, एका चालीनंतर +१.३ होतो, कधी धाडकन ०.० वर येतो. समालोचक त्यावरून सांगतात की पांढऱ्याचं पारडं जड आहे.

हा आकडा कोण ठरवतं? तो नेमकं काय मोजतो? याचं उत्तर पाऊणशे वर्षांपूर्वीच्या काही मोजक्या निबंधांत आणि प्रयोगांत आहे. ते कळलं की पट्टी कधी मानायची आणि कधी नाही, हेही आपोआप कळतं.

## आधी फक्त बेरीज

९ मार्च १९४९ रोजी न्यूयॉर्कमध्ये बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेच्या क्लॉड शॅनन यांनी संगणकाकडून बुद्धिबळ कसं खेळवता येईल, यावर निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये छापून आला. चालवायला हाताशी कार्यक्रम (प्रोग्रॅम) नव्हता, पण पुढच्या तीस वर्षांच्या कामाचा आराखडा त्यात जवळजवळ पूर्ण होता.

शॅनन यांची पहिली पायरी सोपी आहे. पटावरच्या कुठल्याही स्थितीला एक आकडा द्या. वजीर ९, हत्ती ५, उंट ३, घोडा ३, प्यादं १. राजाला २००, कारण राजा गेला तर बाकी सगळं मिळूनही तोटा भरून निघता कामा नये. मग किरकोळ दुरुस्त्या. पटावरच्या घरांच्या एकाच उभ्या पट्टीत एकामागे एक अडकलेलं, मागे राहिलेलं किंवा शेजारच्या दोन्ही पट्ट्यांत सोबती नसलेलं एकाकी प्यादं असेल, तर प्रत्येकी अर्धा गुण वजा. आणि खेळता येण्याजोग्या प्रत्येक चालीमागे ०.१ गुण जमा, कारण मोकळे मोहरे कोंडलेल्या मोहऱ्यांपेक्षा कामाचे.

एक स्थिती मोजून बघू. पांढऱ्याकडे वजीर, दोन हत्ती, एक उंट आणि सात प्यादी: ९ + १० + ३ + ७ = २९. काळ्याकडे वजीर, दोन हत्ती, एक घोडा आणि सहा प्यादी: २८. फरक +१. पांढऱ्याचं कडेपासून दुसऱ्या पट्टीतलं प्यादं मारलं गेलंय, म्हणून कडेचं प्यादं एकाकी पडलंय: −०.५. पांढऱ्याला ३४ चाली शक्य आहेत, काळ्याला २९: +०.५. एकूण +१.०. म्हणजे पांढरा एका प्याद्याएवढा पुढे. आकड्याचं एकक हे असं प्यादं आहे.

पण हत्ती पाचच का? हे भाव शॅनन यांनी शोधलेले नाहीत. खेळाडूंचे ते जुने अंदाज, त्यांनी ते उचलले. त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये ॲलन ट्युरिंग आणि डेव्हिड चॅम्परनाउन यांनी कागदावर एक कार्यक्रम रचला होता. त्यात ट्युरिंग यांनी उंटाला साडेतीन आणि वजिराला १० गुण दिले होते. नेमके भाव थोडे इकडेतिकडे झाले तरी बिघडत नाही. स्थितीचं रूपांतर एका आकड्यात होतं आणि मग दोन स्थितींची तुलना करता येते, खरं महत्त्व याला आहे.

## बेरजेवर भागत नाही, पुढे पाहावं लागतं

समजा माझ्या वजिराने समोरचं प्यादं मारलं. बेरीज म्हणेल +१. पण पुढच्याच चालीला समोरचा घोडा वजीर उचलणार असेल, तर खरा हिशेब −८ आहे. म्हणून बेरीज आत्ताच्या पटाची करायची नाही, काही चालींनंतरच्या पटाची करायची. आणि त्या चालींमध्ये प्रतिस्पर्धी मुद्दाम आपल्याला नको तेच करणार, हे धरून चालायचं.

आंब्याच्या दुकानाचं उदाहरण घ्या. पेटी तुम्ही निवडायची, पण पेटीतला आंबा दुकानदार काढून देणार, आणि तुम्हाला सगळ्यांत वाईट आंबा मिळावा हाच त्याचा हेतू. मग कुठली पेटी घ्याल? जिच्यात एक आंबा अप्रतिम आहे ती नव्हे. जिच्यातला सगळ्यांत वाईट आंबा इतर पेट्यांतल्या वाईट आंब्यांपेक्षा बरा आहे, ती. पेटी निवडणं ही तुमची चाल, आंबा काढणं हे समोरच्याचं उत्तर. या रीतीला मिनिमॅक्स म्हणतात. आपण जास्तीत जास्त घ्यायचं, समोरचा कमीत कमी देणार, आणि हा खेळ आळीपाळीने खाली खाली चालत जातो.

एका बाजूची एक चाल म्हणजे एक पातळी. चार पातळ्या पाहिल्या म्हणजे आपल्या दोन चाली आणि समोरच्याच्या दोन. चालींना फाटे फुटत जातात, म्हणून या सगळ्याला झाड म्हणायची पद्धत आहे. गुण फक्त झाडाच्या टोकाच्या पानांना द्यायचे आणि मिनिमॅक्सने ते बुंध्यापर्यंत वर आणायचे. पडद्यावरचा +१.३ हा असा वर आलेला आकडा असतो. तो समोर दिसणाऱ्या पटाचा नसतो. दोघांनी यंत्राला दिसलेल्या उत्तम चाली खेळल्या तर जो पट येईल, त्याचा असतो.

## मग शेवटपर्यंतच का पाहत नाही?

कारण ते होण्यासारखं नाही. शॅनन यांनी एका स्थितीत सरासरी ३० कायदेशीर चाली धरल्या. पांढऱ्याची एक आणि काळ्याची एक मिळून सुमारे १,००० शक्यता होतात. डाव ४० चालींचा धरला तर १ वर १२० शून्यं एवढे डाव. कितीही वेगवान यंत्र आणा, याला पुरणार नाही. ‘संगणक सगळे डाव पाहून ठेवतो’ हा समज इथेच सोडून द्यायला हवा.

आणि अर्धवट पाहायचं म्हटलं तरी? दोन्ही बाजूंच्या तीन-तीन चाली म्हणजे सहा पातळ्या, अंदाजे १०० कोटी स्थिती. एका स्थितीला एक मायक्रोसेकंद धरला, तरी एका चालीला १६ मिनिटांहून जास्त. तेव्हाची यंत्रं या वेगाच्या जवळपासही नव्हती.

## सगळं बघायचं की निवडून बघायचं?

शॅनन यांनी दोन मार्ग मांडले. ‘अ’ प्रकार: ठरावीक पातळीपर्यंत प्रत्येक चाल तपासायची. ‘ब’ प्रकार: बऱ्या वाटणाऱ्या मोजक्याच चाली निवडायच्या आणि त्या खोलवर तपासायच्या. शॅनन यांचा कल ‘ब’कडे होता. ‘अ’ प्रकारचं यंत्र संथही असेल आणि कच्चंही, असं त्यांनी लिहिलं. शिवाय माणूस ‘ब’ प्रकारेच खेळतो. हा युक्तिवाद इतका पटण्यासारखा होता की पुढची वीसेक वर्षं बहुतेक संशोधक याच वाटेने गेले.

सुरुवातीचे प्रयोग यंत्राच्या कुवतीएवढेच होते. १९५१ मध्ये मँचेस्टरला डीट्रिश प्रिन्झ यांच्या कार्यक्रमाने फेरांटी यंत्रावर ‘दोन चालींत मात’ची कोडी सोडवली. पूर्ण डाव खेळणं त्याला शक्य नव्हतं. १९५२ मध्ये ट्युरिंग यांनी स्वतःच्या नियमांनुसार हाताने आकडेमोड करत ॲलिक ग्लेनी यांच्याशी एक डाव खेळला. कागदावरच्या यंत्राने २९ चालींत हार मानली.

१९५६ मध्ये लॉस अलामोसला मॅनिॲक यंत्रावर ‘अ’ प्रकार आजमावला गेला. यंत्र सेकंदाला सुमारे ११,००० क्रिया करी. पूर्ण पट झेपेना म्हणून ६ × ६ घरांचा पट घेतला, उंट काढून टाकले, किल्लेकोट नाही, प्याद्याची पहिली दुहेरी चाल नाही. तरीही चार पातळ्यांना १२ मिनिटं लागत. नुकताच खेळ शिकलेल्या एका तरुणीला त्याने २३ चालींत हरवलं, तगड्या खेळाडूसमोर मात्र ते हरलं.

त्यानंतर लगेचच ॲलेक्स बर्नस्टीन आणि सहकाऱ्यांनी आयबीएम ७०४ वर पूर्ण पटाचा कार्यक्रम केला, तो ‘ब’ प्रकारचा. तो स्थितीला ठरावीक क्रमाने प्रश्न विचारी: राजाला शह आहे का? काही मारता येतं का, काही जाणार आहे का? किल्लेकोट शक्य आहे का? उंट-घोडे बाहेर आलेत का? मोकळ्या पट्टीवर हत्ती नेता येईल का? सात चाली जमल्या की यादी बंद. प्रत्येक पातळीला सात, चार पातळ्या: ७ × ७ × ७ × ७ = २,४०१ स्थिती. एका चालीला आठ मिनिटं.

‘ब’ प्रकाराची दुखरी नस इथेच आहे. आठवी चाल, जी यादीत आलीच नाही, ती यंत्रासाठी अस्तित्वातच नाही. हिशेब करून बघा. निवड करणारा भाग इतका चांगला आहे की १०० पैकी ९५ वेळा योग्य चाल यादीत असते, असं धरू. ४० चालींच्या डावात एकदाही चूक न होण्याची शक्यता ०.९५ चाळीस वेळा गुणून येते, म्हणजे सुमारे १३ टक्के. बुद्धिबळात एका घोडचुकीने डाव जातो. ३९ चाली सुंदर खेळून चाळिसाव्या चालीला वजीर फुकट दिला, तर त्या ३९ चालींना काही किंमत राहत नाही.

मग माणसाला हे कसं जमतं? ॲम्स्टरडॅमचे मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रोट यांनी १९४६ मध्ये दाखवून दिलं होतं की अव्वल खेळाडू साध्या खेळाडूपेक्षा फार जास्त चाली तपासत नाही, तो योग्य चालीच तपासायला घेतो. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी त्यात भर घातली. खऱ्या डावातली स्थिती काही सेकंद दाखवली तर मास्टर ती जवळपास पूर्ण मांडतो; तेच मोहरे वाट्टेल तसे विखुरले तर तो नवख्याइतकाच गोंधळतो. त्याची निवड नजरेत मुरलेली असते, हजारो ओळखीच्या रचनांच्या रूपात. ती ‘हत्ती मोकळ्या पट्टीवर न्या’ अशा आठ-दहा वाक्यांत मावत नाही. ‘ब’ प्रकाराची कल्पना चुकीची नव्हती. नजर शब्दांत उतरवण्याचं साधन तेव्हा कुणाकडे नव्हतं.

नोव्हेंबर १९६६ मध्ये हा वाद थेट पटावर आला. एका बाजूला एमआयटीत ॲलन कोटॉक आणि सहकाऱ्यांनी जॉन मॅकार्थी यांच्या मार्गदर्शनाखाली लिहिलेला आणि आता स्टॅनफर्डहून चालवलेला कार्यक्रम. तो ‘ब’ प्रकारचा: पहिल्या पातळीवर चार चाली, मग तीन, मग दोन, दोन आणि पुढे एकेकच. दुसऱ्या बाजूला मॉस्कोच्या सैद्धांतिक व प्रायोगिक भौतिकी संस्थेतला ‘अ’ प्रकारचा कार्यक्रम, एम-२ यंत्रावर. चाली तारेने जात-येत, सामना नऊ महिने चालला. चार डावांपैकी ज्या दोनांत मॉस्कोचं यंत्र तीन पातळ्या पाहत होतं ते बरोबरीत सुटले; ज्या दोनांत पाच पातळ्या पाहिल्या ते मॉस्कोने जिंकले. निकाल ३–१. मला या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत बोलका प्रयोग वाटतो: कार्यक्रम तोच, दोन पातळ्या वाढल्या आणि निकाल पालटला.

## काहीही न गमावता झाड छाटायचं कसं

‘अ’ प्रकाराला तारलं ते एका युक्तीने. मॅकार्थी यांनी ती १९५६ च्या सुमाराला सुचवली, सोव्हिएत संघात अलेक्झांडर ब्रुद्नो यांनी १९६३ मध्ये ती छापली. नाव अल्फा-बीटा छाटणी.

पुन्हा आंब्याच्या दुकानात जाऊ. पहिली पेटी पूर्ण तपासली, तिच्यातला सगळ्यांत वाईट आंबा दहापैकी ६ गुणांचा. दुसरी पेटी उघडली आणि तिसराच आंबा २ गुणांचा निघाला. आता उरलेले आंबे पाहायची गरज आहे का? नाही. दुकानदार तुम्हाला २ किंवा त्याहून वाईटच देणार. पहिल्या पेटीत ६ ची हमी आहे, म्हणून दुसरी तिथेच बंद. उरलेल्यांत हापूस असो की रायवळ, निर्णय बदलणार नाही.

‘ब’ प्रकारात चाल न पाहता टाकली जाते, ती चुकून उत्तम असू शकते. अल्फा-बीटात मात्र न पाहिलेल्या चालीने उत्तर बदलणार नाही हे सिद्ध झालेलं असतं. पूर्ण झाड पाहून जो आकडा येईल तोच इथेही येतो.

बचत किती? चार पातळ्या, प्रत्येकी ३० चाली: पूर्ण झाडात ८,१०,००० पानं. चालींचा क्रम अगदी योग्य असेल तर अल्फा-बीटाला त्यातली १,७९९ पुरतात. सहा पातळ्यांना ७२.९ कोटींच्या जागी ५३,९९९.

पण ‘क्रम योग्य असेल तर’ ही अट मोठी आहे. कुजके आंबे असलेली पेटी आधी उघडली तर हातात तुलनेला काही चांगलं नसतं, मग दुसरीही पूर्ण तपासावी लागते. क्रम उलटा पडला तर बचत शून्य. म्हणून कार्यक्रमात मारामारीच्या चाली आधी घेतात. समोरच्याच्या मोठ्या मोहऱ्याला आपल्या लहान मोहऱ्याने मारणं सर्वांत वर. शेजारच्या फांदीत ज्या उत्तराने घाव घातला, ते उत्तर इथेही आधी आजमावतात.

आणखी एक उपाय ऐकायला उलटा वाटतो. सहा पातळ्या पाहायच्या असतील तर आधी एक पातळी पाहा, मग पुन्हा पहिल्यापासून दोन, मग तीन, असं सहापर्यंत जा. तेच काम पुन्हा पुन्हा कशाला? छाटणीनंतर प्रत्येक पातळीला काम साधारण सहापट वाढतं, म्हणून आधीच्या पाचही फेऱ्या मिळून शेवटच्या फेरीच्या पाचव्या हिश्श्याएवढ्याच भरतात. त्या बदल्यात शेवटच्या फेरीला चालींचा उत्तम क्रम आयता मिळतो, आणि घड्याळ संपलं तर निदान आधीच्या फेरीचं उत्तर हातात असतं.

वेगवेगळ्या क्रमाने खेळून तीच स्थिती येते, हेही वापरता येतं. आधी घोडा मग प्यादं, किंवा आधी प्यादं मग घोडा, पट तोच. एमआयटीत रिचर्ड ग्रीनब्लॅट यांच्या मॅक हॅक कार्यक्रमाने अशा पाहिलेल्या स्थितींची नोंदवही ठेवली. १९६७ मध्ये माणसांच्या स्पर्धेत डाव जिंकणारा तो पहिला कार्यक्रम. मात्र चाली निवडण्याच्या बाबतीत तो ‘ब’ प्रकारचाच होता.

‘ब’ प्रकाराला खरा रामराम ठोकला नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या डेव्हिड स्लेट आणि लॅरी ॲटकिन यांनी. निवड करणाऱ्या आपल्याच गुंतागुंतीच्या कार्यक्रमाच्या दुरुस्त्या करून ते थकले होते. एक भोक बुजवलं की दुसरं उघडं पडे. १९७३ च्या ‘चेस ४.०’मध्ये त्यांनी निवड काढून टाकली आणि प्रत्येक चाल तपासायला सुरुवात केली. कार्यक्रम सोपा झाला आणि खेळ सुधारला. १९७८ मध्ये टोरांटोला ‘चेस ४.७’ आंतरराष्ट्रीय मास्टर डेव्हिड लेव्ही यांच्याकडून १.५–३.५ असा हरला, पण एक डाव जिंकून. दहा वर्षांत कुठलाही संगणक आपल्याला हरवणार नाही, अशी लेव्ही यांची १९६८ पासूनची पैज होती. ती त्यांनी जिंकली.

## क्षितिजापलीकडचा खड्डा

‘अ’ प्रकाराची चूक वेगळी, आणि ती समजली तर पट्टीवरच्या बऱ्याच उड्या समजतात. यंत्र चार पातळ्या पाहतंय. त्याचा उंट कोंडलाय आणि चौथ्या पातळीला मरणार आहे. यंत्र मध्येच एक प्यादं पुढे करून शह देतं. समोरच्याला ते मारावंच लागतं. दोन पातळ्या त्यात गेल्या, उंटाचं मरण सहाव्या पातळीवर ढकललं गेलं. यंत्राला चारच दिसतात. त्याच्या हिशेबाने उंट वाचला, एका प्याद्यात भागलं. प्रत्यक्षात प्यादंही गेलं आणि उंटही जाणार. आजचं मरण उद्यावर ढकलण्यापलीकडे काही झालेलं नाही. कार्नेगी मेलनचे हान्स बर्लिनर यांनी १९७३ मध्ये याला क्षितिज परिणाम असं नाव दिलं.

यावर अर्धा इलाज शॅनन आणि ट्युरिंग यांनाही माहीत होता: खणाखणी चालू असताना मोजायचं नाही. ठरलेली पातळी गाठली तरी मारामारीच्या चाली संपेपर्यंत पुढे पाहायचं आणि पट शांत झाला की मग बेरीज करायची. त्यामुळे वजिराने प्यादं खाल्ल्यावर लगेच +१ म्हणण्याची चूक टळते. वरच्या उदाहरणातला उंट मात्र याने वाचत नाही.

## आता तर न्यूरल नेटवर्क आहेत, मग हे जुनं कशाला?

कारण सांगाडा अजून तोच आहे. स्टॉकफिश हे आजचं प्रसिद्ध इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा कार्यक्रम, अल्फा-बीटानेच झाड पाहतं. २०२० पासून पानांना गुण देण्याचं काम शॅनन यांच्यासारख्या बेरजेऐवजी उदाहरणांवरून शिकवून तयार केलेलं आकड्यांचं छोटं जाळं, म्हणजे न्यूरल नेटवर्क, करू लागलं. आणि डीपमाइंड कंपनीच्या २०१७ च्या अल्फाझीरो या कार्यक्रमात तर ‘ब’ प्रकारच परतला: सेकंदाला सुमारे ८०,००० स्थिती, तेव्हाचा स्टॉकफिश पाहत होता ७ कोटी. शब्दांत न मावणारी नजर आकड्यांत उतरवायचं साधन अखेर मिळालं होतं.

यंत्र विचार करतं का, हा प्रश्न मग येतोच. शॅनन यांनीही तो टाळला नाही. विचाराची व्याख्या काय करता यावर उत्तर ठरतं, अशी त्यांची भूमिका होती. मला वाटतं, पट्टी वाचणाऱ्याने एवढं धरावं की तो आकडा कुणाचं मत नाही, हिशेब आहे. हिशेबाला कारण विचारता येत नाही. पण तो किती खोल गेला हे विचारता येतं, आणि ते बहुधा आकड्याच्या शेजारीच लिहिलेलं असतं.

## पट्टी वाचताना

खोली म्हणजे यंत्राने किती पातळ्या पाहिल्या ते; खोली १२ आणि खोली ३० यांच्या आकड्यांना सारखं वजन देऊ नका. चाल झाल्या झाल्या आकडा उसळला तर दहा सेकंद थांबा, क्षितिज पुढे सरकू द्या. आणखी एक बदल लक्षात असू द्या: २०२२ च्या अखेरपासून स्टॉकफिशचा +१.० म्हणजे नेमकं एक प्यादं नव्हे. अशा स्थितीतून स्वतःशीच खेळताना जिंकण्याची शक्यता ५० टक्के, असं त्याचं माप बसवलेलं आहे.

आणि मोठा आकडाही फसवा असू शकतो, ते घरच्या पटावर मांडून बघा. पांढऱ्याकडे राजा, डाव्या कडेच्या पट्टीतलं एक प्यादं आणि काळ्या घरांतून फिरणारा उंट. काळ्याकडे नुसता राजा, तोही ए-८ च्या कोपऱ्यात, म्हणजे वजीर व्हायला प्याद्याला जिथे पोचायला हवं त्याच घरात. शॅनन यांची बेरीज म्हणते ३ + १ = +४, पांढरा सहज जिंकतोय. पण ए-८ हे पांढरं घर आहे, उंट तिथे कधीच हल्ला करू शकत नाही. राजाला कोपऱ्यातून हुसकावता येत नाही, कोंडलं तर चालच उरत नाही आणि डाव बरोबरीत सुटतो. पांढरा ५० चाली फिरला तरी काही हाती लागत नाही, आणि नुसत्या बेरजेवर चालणाऱ्या यंत्राला प्रत्येक पातळीवर तोच +४ दिसत राहतो. म्हणून कार्यक्रम लिहिणाऱ्यांनी या एका स्थितीसाठी वेगळा नियमच लिहिला: कडेचं प्यादं, विरुद्ध रंगाच्या घरांतला उंट, कोपऱ्यात राजा, तर बेरीज करू नकोस, शून्य लिही.